खड्डे खोदण्याआधी जिवंत खुंट मोजा : वन विभाग, सामाजिक वनीकरण आणि जिल्हा वनहक्क समित्यांना खुले पत्र

प्रति,
महसूल व वन विभाग, सामाजिक वनीकरण विभाग आणि सर्व जिल्हास्तरीय वनहक्क समित्या,
महाराष्ट्र राज्य

विषय : रोपलागवडीच्या उद्दिष्टाऐवजी ग्रामसभेच्या राखणीला निधी व निर्णयाधिकार देण्याबाबत

महोदय / महोदया,

१ जुलै २०१६ रोजी राज्यात एका दिवसात २ कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम झाला. पुढे २०१७ साठी ४ कोटी, २०१८ साठी १३ कोटी आणि २०१९ साठी ३३ कोटी असे उद्दिष्ट चढत गेले. या मोहिमांमध्ये वनरक्षकांपासून शाळकरी मुलांपर्यंत अनेकांनी मनापासून घाम गाळला, त्याबद्दल आम्हाला आदरच आहे. आमचा आक्षेप मोजमापाला आहे. उद्दिष्ट रोपांच्या संख्येत दिले की सगळी यंत्रणा रोप मातीत जाईपर्यंत धावते आणि तिथेच थांबते. खरे काम त्यानंतरच्या पाच ते दहा वर्षांचे असते आणि ते गावाशिवाय कोणालाही जमत नाही.

म्हणून आमची मागणी अशी : वनजमिनीवरचा प्रत्येक नवा कार्यक्रम आधी ग्रामसभेसमोर यावा, जमिनीत आधीपासून काय जिवंत आहे याची मोजणी व्हावी, आणि पैसा राखणीसाठी दीर्घ मुदतीने द्यावा. हे का आणि कसे, ते पुढे सविस्तर मांडत आहोत.

विदर्भ, मेळघाट, सातपुडा किंवा सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची जी वनजमीन कागदावर ‘अवनत’, म्हणजे ऱ्हास झालेली म्हणून नोंदली जाते, तिच्यात बहुतेक ठिकाणी मुळे जिवंत असतात. साग, ऐन, धावडा, तेंदू, पळस ही झाडे तोडली तरी खुंटातून पुन्हा फुटतात. गुरे शेंडा खातात, उन्हाळ्यात वणवा फुटवा जाळतो, पावसाळ्यात तोच खुंट परत फुटतो. वर गुडघाभर झुडूप दिसते, पण खालचे मूळ कित्येक वर्षांचे असते. अशा खुंटाला चराई आणि आग यांपासून सलग तीन वर्षे उसंत मिळाली, तर तो रोपवाटिकेतल्या कोणत्याही रोपाला मागे टाकतो. सागाचा फुटवा चांगल्या जमिनीत पहिल्याच पावसाळ्यात छातीइतका वाढू शकतो. पिशवीतल्या रोपाची पहिली दोन वर्षे मूळ धरण्यातच जातात.

आणि याच जमिनीवर आपण काय करतो? २ मीटर × २ मीटर अंतराने हेक्टरी २,५०० खड्डे घेतो. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल धरला तर हेक्टरी सुमारे २२८ घनमीटर माती उकरली जाते. त्यात वर्षानुवर्षे तग धरलेली मुळे तुटतात. यंत्राने चर खणले तर नुकसान आणखी वाढते, कारण यंत्र चालवणाऱ्याला पानगळीच्या दिवसांत खुंट आणि वाळलेले झुडूप यांतला फरक दिसत नाही. जिवंत जंगल उपटून त्याच्या जागी मरणारे रोपवन लावण्याचा हा प्रकार थांबलाच पाहिजे.

मोजणी अवघड नाही. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाने अंगावर असताना ती करावी. १० मीटर × १० मीटरच्या चौकटी सुतळीने आखायच्या. ५० हेक्टरच्या तुकड्याला ३० चौकटी पुरतात. चौकटींच्या जागा आधी नकाशावर ठरवायच्या, नाहीतर माणूस नकळत हिरव्या जागाच निवडतो. प्रत्येक चौकटीत जिवंत खुंट, बियांतून उगवलेली रोपे आणि उभी झाडे जातवार लिहायची. चौकट हेक्टरच्या शंभराव्या हिश्शाची असल्याने सरासरीला १०० ने गुणले की हेक्टरी आकडा मिळतो. गावातली झाडे ओळखणारी चार माणसे आणि एक वनरक्षक यांचे हे दोन-तीन दिवसांचे काम आहे.

हेक्टरी ५०० पेक्षा जास्त खुंट निघाले तर तिथे एकही खड्डा नको. २०० ते ५०० असतील तर फक्त मोकळ्या पडलेल्या जागी, हेक्टरी २०० च्या आसपास स्थानिक रोपे पुरेशी आहेत. त्याहून कमी असेल तिथेच पूर्ण लागवडीचा विचार व्हावा. जमिनीचा पोत आणि पाऊस पाहून हे आकडे थोडे पुढेमागे होतील, पण क्रम हाच राहावा.

खुंटांवरचे काम हाताचे आहे. चरलेला, जळलेला, वाकडा फुटवा पावसाळ्याआधी धारदार कोयत्याने जमिनीपासून साधारण १५ सेंटिमीटरच्या आत तिरका छाटायचा. छेद तिरका असला की पाणी साचून खुंट कुजत नाही, आणि साल सोलली गेली नाही तर फुटवे जमिनीलगत येतात. उंचावर छाटलेल्या खुंटाचे फुटवे खोडाला नीट धरत नाहीत आणि वादळात फाटतात. दुसऱ्या वर्षी विरळणी करून प्रत्येक खुंटावर खालच्या बाजूचे एक किंवा दोन जोमदार फुटवे ठेवायचे. पहिल्याच वर्षी विरळणी केली की खुंट पुन्हा झुडपासारखा फुटतो आणि मजुरी वाया जाते. आज अंदाजपत्रकात या कामाला खड्डे आणि चरांइतकी ठसठशीत जागा नाही, म्हणून ते होत नाही.

जंगल व्यापणाऱ्या घाणेरी आणि रानमोडी या झुडपांची गोष्टही अशीच. वरून कापली की ती दुप्पट फुटते. मुळाचा मानेलगतचा भाग जमिनीखाली ७-८ सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटे करून वाळवावे लागते, तेही फळे धरण्याआधी. नंतरची दोन-तीन वर्षे बियांतून आलेली रोपटी उपटावी लागतात आणि मोकळ्या जागेत लगेच गवताचे बी टाकावे लागते. एका वर्षाच्या तरतुदीवर घाणेरी काढायला घेणे म्हणजे पुढच्या वर्षी ती अधिक दाट करणे.

आता जिथे लागवड खरोखरच हवी, तिथल्या रोपांबद्दल. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत काशीद, सुबाभूळ, गुलमोहर, गिरीपुष्प यांच्या रांगा दिसतात, मोह, चारोळी, बेहडा कमी दिसतात. यामागे कोणाची आवड आहे असे आम्हाला वाटत नाही. कारण आहे निधीच्या तारखेत. मोहाचे फळ पावसाळ्याच्या तोंडाशी पिकते आणि मोहटोळ, म्हणजे त्याचे बी, काही आठवड्यांतच उगवण गमावते. कडुनिंबाची निंबोळीही तशीच. ही बी गोळा झाल्याबरोबर पेरावी लागते आणि तिचे रोप पुढच्या जूनपर्यंत वाढवावे लागते. रोपवाटिकेचे पैसे डिसेंबर-जानेवारीत आले, तर तेव्हा पेरता येते ती फक्त साठवण सोसणारी कडक कवचाची बी. काशीद आणि सुबाभूळ त्याच गटातली. निधी मे महिन्यात बी गोळा करण्यासाठी मिळाला, तर त्याच रोपवाटिकेत मोह उभा राहील.

प्रत्येक बीचा स्वभाव निराळा आहे. सागाचे फळ आठ-दहा दिवस रात्री भिजवून दिवसा उन्हात वाळवावे लागते, तेव्हा कवच सैल होते. चारोळीचे कवच दाणा न दुखवता तडकवावे लागते. हिरडा-बेहड्याचा गर काढून बी भिजवावी लागते. बाभळीच्या बीवर गरम पाणी ओतून ते थंड होईपर्यंत ठेवले की पुरते. ही माहिती आपल्या खात्यात आहे आणि गावातल्या बायकांकडेही आहे. ग्रामसभेला रोपवाटिकेचे काम दिले तर बी जवळच्या जंगलातली, तिथल्या पावसाला सरावलेली मिळते आणि वाहतुकीत रोपे मोडत नाहीत.

१२.५ × २५ सेंटिमीटरच्या पिशवीत माती, शेणखत आणि वाळू २:१:१ या प्रमाणात चालते. काळी माती असेल तर वाळू वाढवावी. दर दोन-अडीच महिन्यांनी पिशव्या जागच्या हलवल्या नाहीत, तर सोटमूळ पिशवी फोडून जमिनीत जाते आणि उचलताना तुटते. मग पान हिरवे दिसूनही रोप आठवड्यात माना टाकते. लावताना पिशवीचा तळ कापून वेटोळे झालेली मुळे काढून टाकावीत. वेटोळे तसेच राहिले तर झाड चार-पाच वर्षे वाढते आणि मग एखाद्या वादळात समूळ आडवे होते. मे महिन्यात पाणी हळूहळू कमी करून रोप काटक करावे. तीन महिन्यांचे वीतभर रोप माळावर नेऊन लावण्यात काही अर्थ नाही.

लागवडीचा मुहूर्त पावसावर ठरावा. १ जुलैला कोकणात चिखल असतो आणि मराठवाड्यात कित्येकदा पेरणीही झालेली नसते. पहार मारून दीड फूट खोलपर्यंत ओल लागली की लागवड सुरू करावी आणि जुलैअखेर संपवावी. ऑगस्टच्या शेवटी लावलेल्या रोपाला ऑक्टोबरच्या उन्हाआधी मूळ खोल न्यायला वेळच मिळत नाही.

सलग समतल चरांना, म्हणजे उताराला आडव्या, एका पातळीत खणलेल्या चरांना, आमचा सरसकट विरोध नाही. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर धावत्या मीटरला १८० लिटर पाणी धरतो, ही मोठी गोष्ट आहे. पण समपातळी नजरेने साधत नाही; पाण्याची नळी किंवा ए-फ्रेम (इंग्रजी ‘A’ च्या आकाराची, पातळी पाहायची चौकट) लावावीच लागते. चर एका टोकाला जरा कलला तर सगळे पाणी तिकडे धावते, बांध फुटतो आणि तिथे नवी घळ पडते. तीव्र उतारावर सलग चराऐवजी तुटक, एकाआड एक चर घ्यावेत. चर आणि मातीचा बांध यांत किमान २० सेंटिमीटर मोकळी कड राहिली नाही, तर पहिल्याच मोठ्या सरीत माती परत चरात येते. आणि जिथे खुंट दाट आहेत तिथे चर नकोच.

माळरानांचा प्रश्न वेगळा मांडतो, कारण तो सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातल्या कमी पावसाच्या माळांना ‘पडीक’ समजून तिथे चर खणून झाडे लावली जातात. ही जमीन पडीक नसते. पवना, मारवेल यांसारखी बहुवर्षायू गवते, त्यांवर जगणारा काळवीट, त्याच्यामागचा लांडगा, खोकड, तणमोर आणि माळढोक हे सगळे मोकळ्या माळाचे रहिवासी आहेत. नान्नजचे अभयारण्य ज्या माळढोकासाठी ओळखले जाते, त्याला झाडांची दाटी चालत नाही. धनगरांची मेंढरेही याच गवतावर जगतात. गवताची मुळे माती धरतात आणि कर्बही साठवतात. अशा माळावर गिरीपुष्पाची रांग लावली की गवत जाते, मेंढपाळाची वाट अडते, आणि पाऊस कमी असल्याने झाडही खुरटेच राहते. इथे चराईचे पाळीपाळीने नियोजन आणि गवताचे बी पेरणे हाच खरा कार्यक्रम आहे. तो कोट्यवधी झाडांच्या आकड्यात धरता येत नाही, म्हणून तो कमी मोलाचा ठरू नये.

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये सामाजिक वनीकरणाची कल्पना मांडली ती सरपण, चारा आणि किरकोळ लाकूड गावाजवळ, पडीक व सामूहिक जागांवर, रस्ते आणि कालव्यांच्या कडेला पिकवून जंगलावरचा भार हलका करण्यासाठी. त्या हेतूकडे परत यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. शेताच्या बांधावर बांबू आणि करंज, तळ्याच्या काठी जांभूळ, शाळेच्या आवारात कडुनिंब, गावठाणाजवळ दोन-चार हेक्टरचा सरपणाचा तुकडा. २०१७ च्या कायदेदुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला आहे, त्यामुळे बांधावरचा बांबू तोडताना शेतकऱ्याने कचरावे असे कारण उरलेले नाही. गायरानावर लावायचे असेल तर जागा, जात, राखणदार आणि उत्पन्नाची वाटणी या चारही गोष्टी लागवडीआधी ग्रामसभेच्या ठरावात लिहिलेल्या असाव्यात. वाटणी ठरलेली नसते म्हणूनच तीन वर्षांनी रोपवन ग्रामपंचायतीकडे आले की त्याचे कोणी काहीच नसते.

राखणीत सर्वांत मोठी अडचण वणव्याची. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम आपण मानता, पण तयारी डिसेंबर-जानेवारीत झाली पाहिजे. जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, काढायची ती गवत अर्धवट वाळलेले असताना, सकाळच्या थंड वेळी आणि माणसे उभी करून. नाले आणि गाडीवाटा यांचा उपयोग करून घेतला तर लांबी निम्म्यावर येते. आग लागते ती बहुतेक माणसाच्या हातून आणि कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत : मोहाखालची जागा साफ करणे, तेंदूला कोवळी पाने येण्यासाठी झुडपे जाळणे, नवे गवत लवकर यावे म्हणून माळ पेटवणे. गुन्हा नोंदवण्याच्या धाकाने हे थांबत नाही, कारण पेटवणारा कधी सापडत नाही. थांबते ते पर्याय दिल्यावर. मोहाची झाडे बहुतेक गावांत कुटुंबवार वाटलेली असतात. त्या कुटुंबाने झाडाखालचा पाला झाडून खताच्या खड्ड्यात टाकायचा किंवा खाली जाळी अंथरायची, असा ठराव होऊ शकतो. जाळीखाली पडलेले मोहफूल स्वच्छ असते, त्याला भावही बरा मिळतो. तेंदूसाठी जाळण्याऐवजी खुटकटाई, म्हणजे झुडपांची जमिनीलगत छाटणी, करावी आणि तिची मजुरी लिलावाच्या करारातच धरावी. आग लागली तर ठेकेदाराची अनामत जप्त, ही अट ग्रामसभेने करारात घालावी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर फांद्यांची तोड आणि आगी यांमुळे तेंदूपत्ता घेणेच बंद केले आणि बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला हे परवडणार नाही, पण निर्णय गावाच्या हाती असला की गाव किती लांबचा विचार करते ते यातून दिसते.

काढणीची तारीख ठरवणे हा राखणीचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. चारोळी पिकण्याआधीच ओरबाडली जाते, कारण आपण थांबलो तर शेजारी नेईल अशी प्रत्येकाला भीती असते. घाईत फांद्याच तोडल्या जातात. ग्रामसभेने तोडणीचा पहिला दिवस जाहीर केला आणि त्याआधी खरेदी करणाऱ्यालाही दंड ठेवला, तर ही चढाओढ थांबते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत बाळहिरडा बी तयार होण्याआधीच गोळा होतो. तो उत्पन्नाचा आधार आहे, बंद करता येणार नाही. पण दर वर्षी काही झाडे बियांसाठी राखून ठेवली नाहीत तर नवा हिरडा उगवणार कुठून?

बांबूचे नियम काटेकोर हवेत, कारण चुकीच्या तोडीने बेट कायमचे बसते. तोड पावसाळ्यात करायची नाही. त्या काळात कोंब, ज्यांना पूर्व विदर्भात वास्ते म्हणतात, वर येत असतात. एक आणि दोन वर्षांच्या काठ्या ठेवायच्या, तीन वर्षांवरच्या काढायच्या. कोवळी काठी नव्या कोंबांना अन्न पुरवते आणि आधारही देते. तीच काढली की पुढच्या वर्षी कोंब कमी आणि बारीक येतात. छेद जमिनीपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर, गाठीच्या लगेच वर घ्यायचा म्हणजे पेरात पाणी साचत नाही. बेटाच्या मध्यभागी जुन्या काठ्या अडकलेल्या असतात, म्हणून एका बाजूने घोड्याच्या नालेच्या आकारात वाट करून आतून तोडायचे. मजूर बाहेरून तोडतो, कारण ते सोपे असते. आणि बाहेरच्याच काठ्या कोवळ्या असतात. दर नगावर मजुरी देणाऱ्या ठेकेदारीत हे नेहमी होते. त्यामुळे तोडणीच्या वेळी ग्रामसभेच्या समितीचा माणूस बेटाजवळ हजर असणे ही अट आम्ही सगळ्यांत वर ठेवू. बांबू फुलला की बेट बी देऊन मरते. त्या वर्षी मेलेला बांबू बी पडल्यानंतर काढावा आणि ते क्षेत्र पुढे काही वर्षे चराई आणि आगीपासून बंद ठेवावे.

चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द कागदावर सोपे आहेत. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याने हे नियम स्वतः केले आणि पाळले, म्हणून तिथे जंगल उभे राहिले; त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हाच नियम वरून लादला तर गुरे रात्री सोडली जातात किंवा शेजारच्या गावाच्या जंगलात जातात. सगळे क्षेत्र एकदम बंद करू नये. चराईच्या क्षेत्राचे चार भाग करून एका वेळी एकच बंद ठेवावा, फुटवे गुरांच्या तोंडाच्या वर गेले की तो उघडून दुसरा घ्यावा. बंद भागातले गवत बी पडल्यानंतर कापून नेऊ द्यावे. शेजारची गावे आणि हंगामी मेंढपाळ यांच्याशी आधी बोलणे झालेच पाहिजे. कुऱ्हाडबंदीचा भार बायकांवर पडतो हेही लक्षात घ्यावे. वाळलेले, पडलेले सरपण कोणत्या दिवशी, किती मोळ्या आणता येईल ते ठरलेले नसेल, तर चोरी होणारच. वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी निम्मे सदस्य आणि त्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात. ही अट सही गोळा करण्यापुरती राहू नये. सरपणाचा विषय महिलांच्या सभेत आधी व्हावा.

आता अधिकाराबद्दल. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ) मध्ये, म्हणजे इंग्रजी मसुद्यातल्या नवव्या उपकलमात, सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. कलम ५ ग्रामसभेला राखणीचा अधिकार देते. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपवले आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला, पण बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी एप्रिल २०११ उजाडावा लागला, तोही केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आल्यावर. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरला १९२ हेक्टरचा हक्क मिळाला. उजाड टेकडी राखून त्या गावाने सीताफळ विकले आणि २०१४ मध्ये जैवविविधता पुरस्कार मिळवला. ही उदाहरणे आपल्याच राज्यातली आहेत आणि आपल्याच सहीच्या हक्कपट्ट्यांवर उभी आहेत.

तरीही अडथळे तेच राहतात. पट्ट्यावरचे क्षेत्र मागणीपेक्षा कमी असते आणि कपातीचे कारण लिहिलेले नसते. कक्ष (वनाचा क्रमांक दिलेला तुकडा) क्रमांक असतो, पण नकाशा जोडलेला नसतो. हद्द कुठून जाते हे वनरक्षक एक सांगतो आणि गाव दुसरे. नियम १२(क) नुसार हक्कांची नोंद महसूल व वन अभिलेखांत जास्तीत जास्त तीन महिन्यांत व्हायला हवी. ती झालेली नसते, म्हणून कार्य आयोजनेत, म्हणजे खात्याच्या जंगलकामांच्या आराखड्यात, त्याच कक्षांमध्ये खात्याची तोड किंवा रोपवन दाखवले जाते. जिथे ग्रामसभेचा आराखडा आहे तिथे खात्याच्या आराखड्याने त्याला धरून चालावे. निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या रूढ वापरहक्कांची जुनी नोंद, हा पुरावा असल्याचे नियमच सांगतात. जिथे ते अभिलेखात पडून आहे तिथे दावा करणाऱ्या गावालाच त्याची नक्कल आणायला लावू नये. जिल्हाधिकारी हे जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष आहेत आणि अभिलेखही त्यांच्याच ताब्यात आहेत.

पैशाची रचना बदलल्याशिवाय वरचे काहीच टिकणार नाही. रोपवनाच्या खर्चाचा मोठा वाटा पहिल्या वर्षी खड्डे, चर आणि रोपांत जातो, तिसऱ्या वर्षानंतर राखणदाराची मजुरी थांबते. नेमक्या त्याच वेळी फुटवा गुरांच्या तोंडाच्या वर जाण्याच्या बेतात असतो. आम्ही सुचवतो की ज्या कक्षांत खुंट पुरेसे आहेत, तिथे लागवडीचाच पैसा दहा वर्षांच्या राखणीवर पसरावा : राखणदार, जाळरेषा, खुंट छाटणी, विरळणी, घाणेरी काढणे, वार्षिक मोजणी. भरपाई वनीकरणाचा, म्हणजे इतर कामांसाठी वळवलेल्या वनजमिनीच्या बदल्यात गोळा होणारा निधी २०१६ च्या कायद्याने राज्याकडे येतो. सामूहिक हक्काच्या क्षेत्रात तो ग्रामसभेच्या संमतीनेच वापरावा आणि नियम ४(१)(ङ) खालील ग्रामसभेच्या समितीच्या खात्यात थेट जमा करावा. सुधारित नियमांतला नियम १६ सरकारी योजनांचा लाभ हक्कधारक गावांपर्यंत नेण्याची जबाबदारी राज्यावर टाकतो, त्यामुळे यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको. समितीचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवणे आणि फळ्यावर लिहिणे ही अट जरूर घालावी, गावांचीही तीच इच्छा असते.

शेवटचा मुद्दा जिवंत रोपांच्या टक्केवारीचा. दर वर्षी मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरल्या जातात आणि मग मोजणी होते. त्यामुळे तीन वर्षांच्या रोपवनात ८० टक्के रोपे जिवंत दाखवता येतात, पण त्यातली बरीच दोन महिन्यांपूर्वी लावलेली असतात. यावर उपाय स्वस्त आहे. नांगी भरलेल्या रोपाच्या काठीला त्या वर्षाचा रंग द्यावा, आणि मोजणीत वर्षनिहाय रकाने ठेवावेत. मोजणी दोनदा व्हावी, ऑक्टोबरात आणि पुन्हा मे महिन्यात, कारण पावसाळ्यानंतरचा आकडा नेहमीच चांगला असतो आणि उन्हाळ्यानंतरचा खरा. मोजणाऱ्यांत लागवड करणाऱ्या परिक्षेत्राचा कर्मचारी एकटा नसावा. ग्रामसभेचे दोन आणि शेजारच्या गावाचा एक सदस्य असावा. रोपे मेली म्हणून वनरक्षकावर कारवाई होणार असेल तर खरा आकडा कधीच वर येणार नाही. का मेली हे लिहिण्यासाठी रकाना ठेवा : चराई, आग, उधई, पाण्याची ओढ, मुळाचे वेटोळे, उशिरा लागवड. दोन वर्षांत कोणत्या कारणाला पैसा लावायचा ते आपोआप दिसेल.

पुढच्या पावसाळ्यातल्या कामांचे प्रस्ताव तयार होण्याआधी प्रत्येक वनविभागाने निदान पाच गावांत चौकटींची मोजणी ग्रामसभेसोबत करावी, ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्ण व्हावी, आणि तिचे तक्ते प्रस्तावाला जोडल्याशिवाय खड्ड्यांच्या अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता देऊ नये, असे परिपत्रक आपण काढावे ही विनंती. मोजणीचा नमुना आणि चौकट आखण्याची पद्धत गावांना समजावून देण्याचे काम आम्ही विनामोबदला करू.

आपले,
सामूहिक वनहक्क, रोपवाटिका आणि वन-राखणीच्या कामातले कार्यकर्ते